स्वयंसेवेला गुण किती? चिंचवड ते खडकवासला

१/ पिंपरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातील अनेक मुलामुलींचे लक्ष खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे लागलेले असते. वारीच्या दिवसांत देहू-आळंदीला पाणीवाटप, गणेशोत्सवात पवनेच्या घाटावर निर्माल्य गोळा करणे, अशी कामेही त्यांतील काही जण करतात. प्रबोधिनीच्या निवडीत या कामाला मोल किती? त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

२/ ‘व्हॉलंटियर’ या शब्दाचा एकोणिसाव्या शतकातील अर्थ आजच्याहून वेगळा होता. स्वेच्छेने शस्त्र धरणारा नागरिक म्हणजे व्हॉलंटियर. हिंदुस्थानात अशा तुकड्या होत्या. पण त्या प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी राखीव होत्या. सुशिक्षित भारतीयांनाही त्यांत प्रवेश मिळावा, असा ठराव काँग्रेसने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात केला. सरकारने ती मागणी मानली नाही.

३/ १८९५ च्या सुमारास चिंचवडच्या दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी पुण्यात तरुणांना व्यायाम व लष्करी शिक्षण देण्यासाठी मंडळ काढले. त्या काळी अशा तरुणांना ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे अधिकारपद मिळण्याचा मार्गच नव्हता. पुढे २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे सर्वश्रुत आहे.

४/ पहिल्या महायुद्धाने दार किंचित उघडले. १९१७ पासून विद्यापीठांत विद्यार्थ्यांची सैनिकी पथके उभी राहू लागली. १९१८ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा ठेवण्यात आल्या. त्या जागांसाठी घराणे आणि राजनिष्ठा यांचे वजन मोठे होते. उमेदवाराने समाजासाठी काय केले, हा प्रश्न अजून कोणी विचारत नव्हते.

५/ दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत अपुरी पडली. थोडक्या वेळाच्या मुलाखतीतून निवडलेले अनेक उमेदवार प्रशिक्षणात टिकत नव्हते. म्हणून ब्रिटनमध्ये १९४२ साली मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने नवी निवड मंडळे स्थापन झाली. विल्फ्रेड बायन यांची एक कल्पना त्यांत महत्त्वाची ठरली : गटाला काम द्यावे, पण नेता नेमू नये आणि पुढाकार कोण घेतो ते पाहावे. १९४३ मध्ये डेहराडूनला असे प्रायोगिक मंडळ सुरू झाले. आजच्या सेवा निवड मंडळाचे, म्हणजेच एसएसबीचे, मूळ तेथे आहे.

६/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, जन्माला आली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही आला. १९४९ मध्ये खडकवासल्याला प्रबोधिनीची पायाभरणी झाली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. १८८६ साली नाकारलेला ‘व्हॉलंटियर’ आता शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर कवायत करू लागला.

७/ १९६२ च्या चीनयुद्धानंतर मात्र मोठा बदल झाला. १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एनसीसी सक्तीची झाली. छात्रांची संख्या प्रचंड वाढली. पण सारेच छात्र झाल्यावर स्वेच्छेने कोण आला आणि हजेरीपुरता कोण उभा राहिला, हे ओळखणार कसे? १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

८/ आता मूळ प्रश्न. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेला ९०० गुण : गणिताचे ३००, सामान्य क्षमता चाचणीचे ६००. एसएसबीलाही ९०० गुण. या १८०० गुणांत स्वयंसेवेसाठी वेगळा रकाना नाही. छात्रसेनेच्या प्रमाणपत्रालाही येथे स्वतंत्र गुण नाहीत.

९/ पदवीनंतर चित्र थोडे बदलते. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र ठरावीक श्रेणीत मिळविलेल्या पदवीधराला विशेष प्रवेश योजनेतून, लेखी परीक्षा न देता, थेट एसएसबीला बोलावले जाऊ शकते. पण सूट मिळते ती लेखी परीक्षेपुरती. एसएसबी कोणालाच चुकत नाही.

१०/ अमेरिकेतील वेस्ट पॉइंटची रीत निराळी आहे. तेथे अभ्यास आणि शारीरिक क्षमतेबरोबर अर्जदाराने शाळेत व समाजात केलेले नेतृत्वही अर्जाच्या टप्प्यावरच जोखले जाते. त्यामुळे तिकडचे सल्ले वाचून इकडे प्रमाणपत्रांची थप्पी जमविणे व्यर्थ ठरते.

११/ मग आपल्याकडे स्वयंसेवा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एसएसबीत उमेदवार स्वतःच्या माहितीचा तक्ता भरतो : छात्रसेना, खेळ, छंद, स्वीकारलेल्या जबाबदाऱ्या. मुलाखत घेणारा अधिकारी तो समोर ठेवून खोलात शिरतो. घाटावर किती जण होतात? कामाची वाटणी कोणी केली? वाद झाला तेव्हा काय केलेत? ज्याने काम केले त्याला उत्तर आठवावे लागत नाही. ज्याने केवळ छायाचित्र काढून घेतले तो तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

१२/ शिवाय बायन यांच्या कल्पनेतून आलेल्या गटचाचण्या आजही होतात. फळी, दोरी, ओंडका आणि अनोळखी सोबती. नेमलेला नेता नाही. ज्याने वारीच्या गर्दीत अनोळखी माणसांबरोबर पाण्याच्या टाकीपाशी रांग लावली आहे, त्याला असा गट अगदीच परका वाटत नाही. मंडळ तपासते ते अधिकाऱ्याला साजेसे १५ गुण : सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, धैर्य वगैरे.

१३/ मराठीत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : परीक्षेतले आणि माणसातले. स्वयंसेवेला पहिले मिळत नाहीत. तिच्यामुळे दुसरे अंगी बाणू शकतात. आणि तेही सक्तीने आले की त्यांची पारख उरत नाही, हे १९६३ ते १९६८ या पाच वर्षांनी दाखविले. म्हणून पवनेच्या घाटावर जायचे असेल तर जरूर जावे. मात्र विसर्जन आटोपून गर्दी पांगल्यावरही निर्माल्य उचलायला थांबण्याची तयारी ठेवून.