हरवलेले सेहेचाळिसावे गुणसूत्र : वाढते वय आणि मानवी रक्तपेशी

१/१२
मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे आज शाळकरी मुलेही सांगतात. परंतु वृद्ध माणसाच्या रक्तात ४५ गुणसूत्रांच्या पेशीही आढळतात, आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढत जाते. ही गोष्ट १९६१ साली एडिंबरो येथून जगापुढे आली. शोधणारे मात्र वार्धक्याचा नव्हे, तर किरणोत्सर्गाचा अभ्यास करीत होते.

२/१२
त्याआधी मूळ आकडाच चुकीचा होता. १९२३ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी ४८ ही संख्या मांडली आणि ती तीन दशके पाठ्यपुस्तकांत टिकली. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचा गुंता दिसे. कोणते कुठे संपते, हे उमगत नसे.

३/१२
१९५२ मध्ये टी. सी. शू यांनी दाखवले की विरल क्षारद्रावणात पेशी फुगतात आणि गुणसूत्रे सुटी होतात. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्यो व अल्बर्ट लेव्हान यांनी या युक्तीचा उपयोग केला. १९५६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ४६ हा आकडा स्थिर झाला.

४/१२
आता प्रश्न उरला रक्ताचा. रक्तातील श्वेतपेशी सहसा विभाजित होत नाहीत, आणि गुणसूत्रे स्पष्ट दिसतात ती विभाजनाच्या वेळीच. १९६० मध्ये फिलाडेल्फियाचे पीटर नोवेल यांनी दाखवले की राजम्याच्या दाण्यांतून काढलेला एक पदार्थ श्वेतपेशींना विभाजनास प्रवृत्त करतो. त्यामुळे कोणाही माणसाची गुणसूत्रे थोड्याशा रक्तातून मोजता येऊ लागली.

५/१२
एडिंबरो येथे मायकेल कोर्ट ब्राऊन यांच्या नेतृत्वाखाली किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारा गट १९५६ पासून कार्यरत होता. पाठीचा कणा ताठर करणाऱ्या एका व्याधीवर ब्रिटनमध्ये १४ हजारांहून अधिक रुग्णांना क्ष-किरणांचे उपचार दिले गेले होते. त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढल्याचे कोर्ट ब्राऊन व रिचर्ड डॉल यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले होते.

६/१२
याच गटात पॅट्रिशिया जेकब्स होत्या. १९५९ च्या आरंभी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी जॉन स्ट्राँग यांच्यासह एका पुरुषात ४७ गुणसूत्रे असल्याचे सिद्ध केले होते. किरणांनी गुणसूत्रांची काय हानी होते, हे ठरवायचे तर आधी निरोगी माणसाची गुणसूत्रे कशी असतात, हे ठाऊक हवे. तुलनेसाठी घेतलेल्या या निरोगी माणसांतच नवा प्रश्न दडलेला होता.

७/१२
१९६१ मध्ये जेकब्स, कोर्ट ब्राऊन व डॉल यांनी ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडला : ४६ हून कमी-अधिक गुणसूत्रांच्या पेशींचे प्रमाण वयानुसार वाढते. ज्यांचा किरणोत्सर्गाशी विशेष संबंध आला नव्हता, त्यांच्याही रक्तावर काळाची खूण उमटत होती.

८/१२
शंका रास्त होती. काचपट्टीवर पेशी फुटली तर एखादे गुणसूत्र बाहेर सांडते; मग ४५ ही संख्या शरीरातील मानायची की प्रयोगशाळेतील? परंतु हा केवळ हाताळणीचा दोष असता, तर तो तरुणांच्या व वृद्धांच्या नमुन्यांत सारखाच दिसला असता, आणि कोणतेही गुणसूत्र गळाले असते.

९/१२
तसे घडले नव्हते. १९६३ मध्ये याच गटाने स्त्री-पुरुषांतील भेद दाखवला. पुढील मोजणीत स्त्रियांच्या पेशींतून प्रामुख्याने एक्स, तर पुरुषांच्या पेशींतून वाय गुणसूत्र उणे असल्याचे आढळले. १९७२ मध्ये अमेरिकेतील पिअर व हॉगलंड यांनी वृद्ध पुरुषांच्या अस्थिमज्जेतही वाय हरवल्याचे नोंदवले.

१०/१२
यानंतर मात्र कुतूहल ओसरले. वाय गुणसूत्रावर जनुके मोजकीच. त्यामुळे त्याचे हरवणे म्हणजे केस पांढरे होण्यासारखी वयाची निरुपद्रवी खूण, अशी समजूत रूढ झाली. पुढील चार दशके तिला फारसे आव्हान मिळाले नाही.

११/१२
२०१२ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी इतर गुणसूत्रांकडे लक्ष वेधले. त्यांतील मोठे बिघाड असलेल्या पेशींचे समूह पन्नाशीपर्यंत अर्ध्या टक्क्याहूनही कमी लोकांच्या रक्तात आढळतात. वार्धक्यात हे प्रमाण २ ते ३ टक्क्यांवर जाते, आणि अशा व्यक्तींना पुढे रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे दसपट असतो. २०१४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांना आढळले की ज्या वृद्ध पुरुषांच्या रक्तपेशींतून वाय मोठ्या प्रमाणात हरवला होता, त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा सरासरी साडेपाच वर्षांनी कमी होते. धूम्रपान करणाऱ्यांत ही हानी अधिक असते, हेही लवकरच दिसून आले.

१२/१२
२०१९ मध्ये ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात दर पाचांपैकी एकाच्या रक्तात ही उणीव सापडली. २०२२ मध्ये उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींतून वाय काढून टाकला असता त्यांचे हृदय तंतुमय व दुर्बळ झाले. म्हणजे वाय नसलेल्या पेशी केवळ वयाच्या साक्षीदार नसतात. निदान उंदरांत तरी त्या स्वतः अपाय करतात. हा सारा शोध निरोगी माणसांच्या मोजणीतून सुरू झाला. एडिंबरोच्या गटाने ‘सामान्य’ हे गृहीत धरले नाही, ते मोजून पाहिले. म्हणूनच वयाचा परिणाम किरणोत्सर्गाच्या खात्यावर मांडला गेला नाही.