करुणविप्रलंभ आणि भूतकथेचा अपुरा शेवट

मराठीने ‘कादंबरी’ ही साहित्यप्रकारवाचक संज्ञा बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कथाकृतीवरून घेतली. त्या कृतीतील महाश्वेता मात्र आपल्या कथाविचाराबाहेरच राहिली. मृत पुंडरीकाच्या पुनर्भेटीच्या आशेवर ती अच्छोद सरोवराकाठी तपस्विनी होऊन राहते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हेच उदाहरण घेऊन करुणविप्रलंभाचे लक्षण स्पष्ट केले आहे. प्रियजन मृत असूनही मीलनाची आशा शिल्लक असेल, तोवरच तो शृंगार. आशा मावळली की उरतो तो करुण.

भूतकथेतील प्रेमाचा उलगडा भयानक रसापेक्षा या भेदाने अधिक होतो. मुंजा हे लोकसमजुतीतले भूतही मौंजीनंतर, पण विवाहापूर्वी मृत्यू आलेल्या मुलाचेच, म्हणजे अतृप्तीचेच.

रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८७८ मध्ये ते तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदाबादेत, न्यायाधीश असलेले वडीलबंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे शाहीबागेच्या वाड्यात राहिले होते. त्या वास्तूची आठवण कथेमागे आहे. कथानायक निजामाच्या राज्यात कापसावरील जकात वसूल करणारा अधिकारी. दिवसा तो हिशेबाच्या जगात वावरतो. रात्री ओसाड महालातील गतकाळाची स्त्री त्याला सुटकेसाठी साद घालते. तिची सुटका करणे त्याला साधत नाही. तिची हकिकत रेल्वे स्थानकावर सांगितली जात असतानाच गाडी येते आणि निवेदन तुटते. आशा पूर्ण होत नाही, विझतही नाही. कथेची विषण्णता या अधांतरी अवस्थेत आहे.

लता मंगेशकरांची निर्मिती आणि हृदयनाथांचे संगीत लाभलेल्या, गुलजार-दिग्दर्शित ‘लेकिन...’ने (१९९१) या कथेचा आधार घेतला. तेथे मात्र काळात अडकलेल्या रेवाला मुक्ती मिळते. बाणाची कृतीही त्याच्या निधनामुळे अपुरी राहिली होती. पुत्राने ती मीलनापर्यंत नेली. दोन्ही पूर्ती वाचक-प्रेक्षकांच्या मनाला दिलासा देतात. परंतु करुणविप्रलंभाची कसोटी लावली, तर पूर्तीबरोबर विप्रलंभ संपतो. बाणाचा खंड मृत्यूने घडवला; रवींद्रनाथांनी तो स्वतः निवडला. भूतकथेला केवळ रंजनाच्या खात्यात टाकणाऱ्या समीक्षेने भीती मोजली. ही निवड तिच्या मोजणीत आली नाही.