मावशीने न घेतलेलं औषध

गेल्या वर्षी इथे इंदिरानगरमध्ये माझ्या मावशीला टीबी निघाला. रिपोर्टमध्ये होतं, 'आयसोनियाझिड रेझिस्टंट'. मी म्हटलं, "मग दुसरं द्या ना, इथिओनामाइड वगैरे!" गूगल करून गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "आधी म्युटेशन कुठलं ते बघू." मावशीने इथिओनामाइड कधी घेतलंच नव्हतं, मग अडचण काय? त्याचं उत्तर इतिहासात सापडलं.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. स्वस्त, आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी सुई टोचायची गरज नाही. पण एकटं दिलं की काही महिन्यांत जंतू त्याला पुरून उरायचे. १९५४ मध्ये गार्डनर मिडलब्रुक यांना दिसलं, की अशा बऱ्याच जंतूंनी कॅटलेज हे एन्झाइम गमावलंय. असं का, ते १९९२ मध्ये कळलं. आयसोनियाझिड स्वतः निष्क्रिय असतं, जंतूचंच 'कॅटजी' जनुक ते चालू करतं. ते जनुक मोडलं, की औषध बंदच राहतं. इथिओनामाइडचं बटण वेगळं, त्यामुळे ते तरीही चालू शकतं.

मग १९९४ मध्ये दुसरा धागा हाती लागला. चालू झाल्यावर दोन्ही औषधं एकाच ठिकाणी मारा करतात: जंतूची भिंत बांधायला लागणाऱ्या 'इन्हा' एन्झाइमवर. जंतूने तेच जास्त बनवलं, की दोन्ही औषधं कमी पडतात. म्हणजे एका औषधाशी लढताना जंतू न पाहिलेल्या औषधासाठीही तयार होतो. आमच्या भाषेत, दोन ॲप्स आणि एकच सर्व्हर!

हे साखळीसारखं वाढत गेलं तर काय होतं, ते २०१२ मध्ये मुंबईने पाहिलं. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद केली होती. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं.

मावशीच्या जंतूत 'इन्हा'वालं म्युटेशन निघालं. म्हणजे मी सुचवलेली गोळी बहुतेक वायाच गेली असती. लेव्होफ्लॉक्सासिन असलेला सहा महिन्यांचा कोर्स तिने पूर्ण केला. आता बरी आहे, मलाच ओरडते.

तेव्हा मंडळी, औषध बदलायचा सल्ला गूगलवरून देऊ नका. आणि कोर्स अर्धवट सोडू नका. भेटू पुढच्या भागात!