म्हाताऱ्या माशाच्या अंगावरचे डाग

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, आणि दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी सोडली तर मोठी म्हणावी अशी नदीही नाही. कुंडलिका आणि दुधना पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळा लागला की डोहांपुरत्या उरतात. त्यामुळे या भागाचा माशांशी आलेला संबंध मुख्यतः तळ्यांमधून आला. जालना शहराचा मोती तलाव जमशेदखानाने बांधवला आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी खेळवले, असे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. पुढे निजामी अमलात कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव झाला. हे दोन्ही तलाव माणसांच्या तहानेसाठी होते, मासे त्यांत ओघाने आले, आणि तळे आटत आले की उरलेसुरले पकडून नेले गेले. १९७२ किंवा २०१२-१३ यांसारख्या दुष्काळांत ही गोष्ट ठळकपणे दिसली, पण लहान पाझर तलावांच्या बाबतीत ती दरवर्षीचीच असते. अशा मुलखात मासा म्हातारा होईपर्यंत जगण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, आणि म्हाताऱ्या माशाच्या त्वचेवर उठलेला डाग रोगाचा की वयाचा, हे ठरवण्याची विद्या येथे का जन्मली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आटणाऱ्या पाण्यातच आहे.

माशाच्या अंगाकडे बारकाईने पाहणे मात्र येथे नवे नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली असताना राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्यातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात गळ, दोरी आणि आमिष यांच्या चर्चेबरोबर माशांचे सुमारे ३५ प्रकार सांगितले आहेत. मासा समुद्रातला की नदीतला, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, आकाराने केवढा, अशा खुणांवरून ही विभागणी केलेली आहे; प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणाचा मत्स्यशास्त्राच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. राजाच्या दृष्टीने ही माहिती करमणुकीची होती. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा होती आणि हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ होता, कारण हे प्राणी युद्धाचे आणि मानाचे होते. माशासाठी तशी वैद्यकपरंपरा उभी राहिली नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त मासा येतो, पण तो झाडांना घालावयाच्या कुणपजलाचा, म्हणजे मांस-मासे कुजवून केलेल्या द्रवखताचा, एक घटक म्हणून. झाडाला वैद्य मिळाला आणि मासा त्याचे औषध झाला, ही गोष्ट थोडी गमतीची असली तरी त्या काळच्या गरजांचा क्रम ती नेमका दाखवते.

बाजारातील परीक्षा याहून जुनी आणि अधिक पक्की असावी. कल्ला उचलून तो लालभडक आहे की फिकट पडला आहे हे पाहणे, डोळा फुगीर की खोल गेलेला हे पाहणे, बोटाने दाबलेले मांस परत वर येते की खड्डा राहतो हे तपासणे, एवढ्यावर भोई आणि गिऱ्हाईक यांच्यातला भाव ठरतो. मरळीच्या बाबतीत हीही गरज उरत नाही, कारण हा मासा हवेतूनही श्वास घेतो आणि थोड्याशा पाण्यात घमेल्यातच जिवंत विकला जातो. या परीक्षेत डागाला अर्थ आहे, पण तो किमतीपुरता. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हाही प्रश्न जात ओळखण्याचाच होता. त्याने नोंदवलेल्या नुकटा माशाच्या मुस्कटावर एक उंचवटा असतो, आणि तो आजाराचा नसून त्या जातीची नैसर्गिक ठेवण आहे. अनेक जातींच्या नरांच्या डोक्यावर विणीच्या हंगामात उठणारे पांढरे कठीण दाणेही असेच निरोगी असतात, पण गोल्डफिश पाळणारे ते पाहून आजही घाबरतात.

रोगाचा डाग म्हणून डागाकडे पाहण्याची सवय या देशात उशिरा लागली आणि ती एका साथीने लावली. १९५७मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले, त्यानंतर रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज तळ्यांत सोडणे सोपे झाले. एका पाण्यात दाटीने मासे वाढू लागले की एकाचा रोग सगळ्यांचा होतो. १९८८मध्ये बांगलादेशाकडून ईशान्य भारतात शिरलेला व्रणरोग तेथून देशभर पसरला, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका मरळीच्या कुळाला बसला. प्रथम खवल्यांखाली तांबूस ठिपका दिसतो, मग खवले गळतात, आणि शेवटी स्नायूपर्यंत खोल गेलेली उघडी जखम राहते. ‘अफानोमायसेस इन्व्हाडान्स’ हा बुरशीसदृश जीव त्यामागे आहे. थंडीत पाणी गार झाले की माशाचा प्रतिकार मंदावतो आणि रोग उसळतो, म्हणून पाण्यात चुना टाकण्याचा उपाय हिवाळ्याच्या तोंडावर सांगितला जाऊ लागला. साथीच्या काळात पूर्व भारतात लोकांनी मासे खाणेच सोडले आणि भाव कोसळले. माशाची त्वचा हा सार्वजनिक चिंतेचा विषय तेव्हा प्रथमच झाला.

तरीही हा रोग तरुण, विकाऊ माशांचा होता. म्हातारा मासा काचेने जन्माला घातला. १९५१मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने समुद्री मासे बघण्याची गोष्ट केली, आणि पुढे घरगुती प्रवाळटाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि खडक यांसह समुद्राचा तुकडा राखणारी टाकी, समुद्रापासून दूरच्या शहरांतही शक्य झाली. जालन्यासारख्या ठिकाणी ती राखणे म्हणजे कूपनलिकेचे जड पाणी आरओ यंत्रातून काढून त्यात तयार मीठ मिसळणे, आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याची भर खाऱ्या नव्हे तर गोड्या पाण्याने घालत राहणे, कारण मीठ उडून जात नाही. भक्षक नाही, दुष्काळ नाही, विक्री नाही. अशा पाण्यात क्लाऊनफिश वीस वर्षांहून अधिक जगू शकतो.

तेथे डागाची परीक्षा प्रामुख्याने काळावर चालते. साखर भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे एका दिवसात उठले आणि थोड्या दिवसांत नाहीसे झाले, तर तो बहुधा ‘क्रिप्टोकॅरिऑन’ हा परजीवी असतो. दाणे गेले म्हणजे रोग गेला असे नसते, कारण परजीवी अंगावरून सुटून तळाशी कोश करतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कितीतरी पटींनी परततो. फुलकोबीसारखी खरबरीत गाठ पंखाच्या काठावर आठवड्यांच्या गतीने वाढली, तर ती ‘लिम्फोसिस्टिस’ विषाणूची असण्याचा संभव मोठा, आणि ती बहुतेकदा आपोआप गळते. डोक्याभोवती आणि कुशीवरच्या संवेदनरेषेवर खड्डे पडत गेले तर आहार, पाणी आणि गाळणीतील कोळशाची धूळ तपासावी लागते. फिकटलेला रंग, डोळ्यातील ढगाळपणा, उतरलेली पाठ हे महिनोन्‌महिने सावकाश येते, आणि वयाला दोष द्यायचा तर या गतीनेच द्यावा. एका रात्रीत आलेला डाग वयाचा नसतो. शंका राहिलीच तर त्वचेवरचा चिकट थर हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस गाई-बैलांत जात असल्याने मराठवाड्यात त्यासाठी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे पाहिले जाते. निदानाला एवढे महत्त्व येण्याचे कारण उपचारात आहे. परजीवीवर चालणारे तांब्याचे औषध प्रवाळांना मारते, म्हणून माशाला जाळ्याने पकडून वेगळ्या टाकीत न्यावे लागते. तरुण मासा ही धावपळ सोसतो, म्हाताऱ्याला ती सोसेलच असे नाही, आणि अंगावर केवळ विषाणूची गाठ असेल तर त्याला जागेवरून हलवण्याचे काहीच कारण नसते.