पहाऱ्यातला क्रूस

गाईडच्या मागे मागे, घोळक्याने जेरुसलेम बघणं ही यात्रा नव्हे, सहल; असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्याचं खापर मी थॉमस कुकवर फोडायचो. १८६९ साली तो पहिला गट पॅलेस्टाईनला घेऊन गेला आणि तिथून सगळं बिघडलं, असा माझा समज.

मग एजेरिया वाचनात आली. ही बाई इ.स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास युरोपच्या पश्चिम टोकाकडून तिथे गेली होती. तिच्या पत्रांची जुनी प्रत १८८४ मध्ये इटलीत अरेझोला सापडली. सुरुवातीची आणि शेवटची पानं गहाळ. तीही घोळक्यातच फिरत होती. वाटाडे म्हणजे तिथले साधू. प्रत्येक ठिकाणी प्रार्थना, बायबलमधला तिथला उतारा मोठ्याने वाचणं, मग पुढे. आजचे गटही नेमकं हेच करतात!

गुड फ्रायडेचं तिचं वर्णन मात्र विसरता येत नाही. क्रूसाचं लाकूड टेबलावर ठेवलेलं, बिशपने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, भोवती डीकनांचा पहारा. लोकांनी वाकून कपाळ लावायचं, डोळे लावायचे, चुंबन घ्यायचं; हात मात्र लावायचा नाही. कारण? पूर्वी कुणीतरी चुंबन घेता घेता दाताने त्याचा तुकडा तोडून नेला म्हणे.

इतक्या लांबून आलेल्या माणसाचं नुसतं बघून भागत नाही. त्या माणसाला चोर म्हणावं की भक्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घोळक्याला नावं ठेवणं मात्र मी सोडलंय.