क्षार सरोवरांतील विषाणू

अतिखारट, अल्कधर्मी पाण्यातील सूक्ष्मजीवांना संसर्ग करणारे विषाणू. महाराष्ट्रात असे पाणी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात आहे. अशनी-आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या या सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने घेतले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवले. अशा अनेक विषाणूंचे यजमान याच गटातले असतात, म्हणून लोणारचा अभ्यास विषाणूंना वगळून पुरा होणार नाही.

अशा विषाणूंपैकी सर्वांत चांगला अभ्यासलेला म्हणजे ‘फाय-सीएच-१’. केनियातील मगाडी सरोवरात सापडलेल्या नॅट्रिआल्बा मगाडी या हॅलोआर्किया गटातील सूक्ष्मजीवात तो राहतो. त्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोके-शेपटीची रचना, दुपेडी डीएनए आणि यजमानाच्या जनुकसंचात दडून राहण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये. विलक्षण गोष्ट अशी, की मीठ कमी होताच त्याचे कण विस्कटतात. अशा सरोवरांतील विषाणूंची संख्याही थक्क करणारी: कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या एका मिलिलिटर पाण्यात १० कोटींपासून १०० कोटींपर्यंत विषाणुकण आढळले आहेत.