तगर ते दाभड : कारागीर मालक की बलुतेदार?

1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर हातपाय धुतले. लगेच 'टाके बाटवले' म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहता आला, पण सोबत हत्यारबंद शिपाई होता. कोणी कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. राज्य निजामाचे होते, ओरडणारे मुसलमान होते. जात धर्माच्या भिंतीही ओलांडते, हा धडा बाबासाहेबांनी तिथे घेतला आणि पुढे लिहून ठेवला. मराठवाड्यातल्या पर्यटनाचा इतिहास आम्ही या टाक्यापासून सुरू करतो.

आज नांदेड-लातूरकडे ग्रामीण पर्यटनाची भाषा जोरात आहे. खरोसा लेणी, कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरे, माळेगावची यात्रा यांची नावे घेतली जातात. 2020 साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. त्यासोबत दोन शब्द कायम येतात : 'स्थानिक हस्तकला' आणि 'लोकसहभाग'. शब्द चांगले आहेत. पण आम्हाला विचारायचे आहे की हस्तकला कोणाची आणि लोक म्हणजे कोण?

आपल्या गावातल्या कला आठवा. दोरखंड वळणारे, केरसुण्या बांधणारे मातंग. कातडे कमावणारे ढोर, मोट आणि वहाणा शिवणारे चर्मकार. सुपे-टोपल्या विणणारे बुरूड. हलगी कोणाच्या गळ्यात असते, तेही सर्वांना माहीत आहे. ही कौशल्ये होतीच, पण त्यांची किंमत बाजारात ठरत नव्हती, ती जातीने ठरत होती. सुगीला खळ्यावर पदर पसरायचा आणि मिळेल ते बलुते घ्यायचे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली सांगितले ते याच अनुभवावरून. विहिरींवर इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली, मोट शिवणाराही गेला. तो वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला गेला. तेव्हा या कलांचा गळा कोणाला दाटून आला नाही. आता पाहुण्यांना दाखवायला 'परंपरा जपा' म्हणतात.

पण मित्रहो, कारागिरी म्हणजे बलुतेदारीच, हेही खरे नाही. मराठवाड्याचा त्याआधीचा इतिहास वेगळा आहे. लातूरच्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जात असल्याची नोंद आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी 2000 कार्षापणे गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. विणकरांची संघटना राजघराण्यातल्या माणसाची ठेव सांभाळत होती! जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. ज्या टोपली विणणाऱ्याला पुढे गावाबाहेर बसवले, त्याची श्रेणी तेव्हा विहाराच्या व्यवहारात भागीदार होती. व्यापारी मार्ग, विहार, यात्रेकरू आणि कारागीर यांची एक साखळी होती. त्या साखळीत कारागीर हात पसरत नव्हता, दान देत होता, आपले नाव दगडावर कोरत होता.

म्हणून आजच्या योजनेला आमचा एकच प्रश्न आहे : ती श्रेणीकडे नेणार की पुन्हा बलुत्याकडे?

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 साली इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मिरवल्या, कारागिरांचा उल्लेखही न करता. ओरड झाल्यावर कंपनीला मूळ मान्य करावे लागले. नोंदणी होती म्हणून भांडता तरी आले. आपल्या भागातला कारागीर कशाच्या जोरावर भांडणार?

लोकसहभागाचेही तसेच. पाहुण्याला घरी उतरवायचे तर घर हवे, शेत दाखवायचे तर शेत हवे. आपली बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन. मग सहभाग कोणाचा? ज्याची जमीन त्याचा. आपल्या वाट्याला झाडलोट आणि स्वागताची हलगी. गावाला आदर्श मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खडसावले होते, ते इथे लागू पडते. नामांतराचा ठराव झाल्यावर ऑगस्ट 1978 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. ते जाळणारेही 'स्थानिक लोक'च होते. हा इतिहास विसरून लोकसहभागाची कमिटी बनवता येणार नाही.

वाट मात्र आपल्याकडेच आहे. नांदेडजवळ दाभडला बावरीनगर महाविहार आहे. सुत्तनिपातात गोदाकाठी अस्सक देशात राहणाऱ्या बावरीची कथा येते. त्याचे सोळा शिष्य पैठणमार्गे बुद्धाला भेटायला उत्तरेकडे गेले. महाविहार त्याच बावरीचे नाव सांगतो. तिथल्या धम्म परिषदेला गावोगावचे उपासक दरवर्षी येतात. लोक आपल्या पायांनी येतात, आपल्या खिशातून देतात. लोकसहभाग याला म्हणतात.

तेव्हा योजनेला नुसता विरोध करून भागणार नाही, अटी घालाव्या लागतील. कारागिरांची सहकारी संस्था असावी आणि वस्तूची किंमत तिने ठरवावी. पर्यटन समितीत भूमिहीन आणि महिला निम्म्या असाव्यात. पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर आपली माणसे बरोबरीने असावीत. कोणतेही काम जातीवरून वाटले जाऊ नये. मातंगाच्या मुलीला हिशेब ठेवायचा असेल तर तिने हिशेब ठेवावा, पाटलाच्या मुलाला टोपली विणायची असेल तर त्याने शिकावी. टेंभुर्णीचे नावही जिल्ह्याच्या नकाशावर यावे.

पुढच्या ग्रामसभेत पर्यटनाचा विषय आला तर मागे बसू नका. उभे राहून या अटी मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. टाक्यावरचा शिपाई आज दिसत नाही. तो खरंच गेला का, हे त्या इतिवृत्तावरून कळेल.

जयभीम.